बांध सरकवताना

रात्री साडेनऊ. लिलाव आटोपला,
हर्ण्याच्या बंदरावर आता मांजरं आणि बर्फाचं पाणी.
सोसायटीच्या खोलीत मी आणि मशीन.
दुपारी त्यानं सांगूनच टाकलं: जागा शिल्लक नाही.
डिझेल कोट्याची पावती अर्धी छापून थांबली,
रखांगेंचा तांडेल माझ्याकडे असा बघत राहिला
जणू टाकीला भोक मीच पाडलं.

शेजारी चाळीस जीबी पडीक.
जुन्या हिशोबनिसांचं विंडोज; ते निवृत्त झाल्यापासून
तिथलं दार कुणी उघडलं नाही.
पण पडीक आहे ती डावीकडे.
उजवीकडे असती तर नुसती रेघ ओढायची होती.
आता सगळं उचलून मागे न्यायचं, एकेक ब्लॉक,
खारबांधावर घमेल्यानं माती टाकतात तसं,
भरती यायच्या आत.

भरती म्हणजे इथे लाइट जाणं.

आधी नक्कल. एक सोडून दोन.
एक डिस्क माझ्या पर्समध्ये,
दुसरी फरीदाभाभींकडे, तांदळाच्या डब्यात,
इथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही म्हणून.
मग पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं.
ज्या होडीत बसलोय तिची फळी बदलता येत नाही,
आधी उतरावं लागतं.

आमच्याकडे वाटणी म्हटलं की
काका रात्रीत बांध हातभर सरकवतात
आणि सकाळी आई दगड मोजते.
इथे बांध म्हणजे दोन आकडे,
सुरुवात कुठे, शेवट कुठे.
आकडा चुकला तर माणसं जिथल्या तिथे असतात,
फक्त त्यांच्या घरांना पत्ता उरत नाही.

नक्की? त्यानं विचारलं.
असं विचारलं की काहीच नक्की वाटत नाही.
दाबलं.

अकरा दहाला लाइट गेली.
पंखा थांबला. पट्टी एकसष्ट टक्क्यांवर.
यूपीएस ओरडू लागला,
वीस मिनिटांचा, तोही नवा होता तेव्हा.
मी देवाचं नाव घेतलं नाही,
वायरमन कोळथरकरांना फोन लावला.
"फ्यूज आहे गो, चढतोय."
सोळाव्या मिनिटाला आली.

एक वाजता फाइली मोजल्या.
आधी अठरा हजार चारशे बारा.
आता अठरा हजार चारशे बारा.
एक उघडली, एका जुन्या बोटीची:
अकरा खलाशी, सातव्या नावापुढे
हिशोबनिसांनी कधीतरी टाकलेलं प्रश्नचिन्ह.
तेही जागेवर.

सकाळी तांडेलानं पावती उजेडात धरून वाचली.
"रात्रभर बसलात म्हणे. काय बदललंत?"
काहीच नाही, म्हटलं,
आणि दोन चहा सांगितले.