समुद्रसपाटीपासून उंची

याआधी माझा असा कागद एकदाच तयार झाला होता,
लग्नासाठी.
वर्ण निमगोरा, उंची पाच फूट एक,
मामाचं गाव औराद.
शिक्षण सगळ्यात खाली, एका ओळीत.

आता शिक्षण वर आलंय.
उदगीरच्या बसस्टँडमागं, मुजीबच्या नेट कॅफेत,
दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर
मी आणि तो माझी अकरा वर्षं
दोन पानांत बसवतोय.

सनदेवर रेवता, पासपोर्टवर रेवती.
मुजीब म्हणतो, बाई,
दोघींतली एकच जाऊ शकते मालदीवला.

अनुभव.
विनाअनुदानित हे तिकडच्या भाषेत कसं सांगायचं?
शाळा होती, लेकरं होती, खडू होता,
पगार येणार होता.
मुजीबनं 'खासगी' टाइप केलं आणि पुढं गेला.
शेवटचा पगार, हा रकाना
चहा येईपर्यंत कोरा राहिला.
चहा आला, तरी कोराच.

विषय: गणित, विज्ञान.
मी सांगत राहिले: रजेवर गेलेल्या सगळ्यांचा भूगोल,
स्नेहसंमेलनाला पाहुण्यांसाठी मोजलेले नारळ,
दर जूनला पट भरावा म्हणून
तांड्यावर दारोदार,
लेकरू द्या हो, आमच्या शाळेत लेकरू द्या.
"बाई, एवढं कोण वाचलालंय?"
त्यानं अक्षर अकरावरून दहावर आणलं.

मध्ये एका वर्षाचा खंड.
का, ते लिहायचं असतं.
त्या साली टँकर सकाळी दहाच्या सुमारास यायचा,
शाळाही तेव्हाच भरायची,
आणि घागरी लावायला घरात कुणीतरी लागायचं.
"कौटुंबिक कारण टाकू?"
टाक बाबा.
पाणी कौटुंबिकच.

मालदीवच्या त्या बेटावर बासष्ट मुलं आहेत म्हणे,
समुद्राचं पाणी गोड करून नळाला सोडतात.
मी समुद्र पाहिला नाही.
माझा त्याचा संबंध आमच्या स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीपुरता:
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात
तो किती मीटर खाली आहे, ते लिहिलेलं.
सहलीला आणलेल्या सातवीला मी ती पाटी वाचायला लावायचे.
एकानं विचारलं होतं,
बाई, मग तो आपल्याला वर का येऊन भेटत नाही?
उत्तर नीट दिलं नव्हतं. गाडी आली होती.

अनुभवाचा दाखला सचिवांनी लगेच दिला.
आधी फक्त एका कागदावर सही:
पूर्ण वेतन वेळच्या वेळी मिळाले, तक्रार नाही.
अकरा वर्षांचा पगार मला त्या दुपारी
निळ्या शाईत मिळाला.

फोटो पांढऱ्या भिंतीसमोर हवा.
भिंत हिरवी, म्हणून मुजीबच्या अम्मीनं चादर धरली,
तिची दोन बोटं फोटोत आली,
ती त्यानं पुसली.
टिकली काढू का, मी विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.

ओळखणारी दोन माणसं पाहिजेत.
एक अंकुलगे सर, निवृत्त, फोन क्वचित उचलतात.
दुसरं नाव सुचेना.
"माझं टाका की."
तू? सातवी ब, शेवटचा बाक,
छेद सारखे न करताच बेरीज करणारा तू?
"आता करतो की," म्हणाला,
आणि स्वतःच्या नावापुढं
'संचालक, संगणक केंद्र' असं ठोकून दिलं.
टायपिंगचे पैसे घेतले नाहीत.
रंगीत फोटोचे घेतले. चाळीस.

मुलगी चौथीत आहे,
याला रकाना नव्हता.

रात्री तिला दोन्ही पानं
मराठी करून वाचून दाखवली.
उशीवर कोपर टेकून तिनं सगळं ऐकलं.
"मम्मी, ही मॅडम कोणत्या शाळेवर आहे?"

झोप, म्हटलं.
उद्या तुझी घटक चाचणी आहे.