पोच

रुवी, मस्कत. रात्रीचे दोन चाळीस.
सोलापुरात चार वाजून दहा.
हा दीड तास अकरा वर्षं डोक्यातून जात नाही.
खिडकीबाहेर डोंगर, अंगावर गवताचं पातं नाही,
दिवसभर गिळलेलं ऊन अजून ओकतायत.
आत एसी इतका की पहारेकरी मुराद
शाल गुंडाळून बसलाय, काराकचा कप तळव्यांत.

गुरुवार, महिनाअखेर. रांग वाढलीय.
काउंटरपुढची नव्हे, ती नऊलाच पांगली.
ही आतली: धाडायच्या रकमा, छापायच्या पावत्या,
‘आपले पैसे जमा झाले’, चार भाषांत.
बारा कामगार ती उपसतात.
यंत्रंच ती, पण आम्ही कामगार म्हणतो.
काम उचलायचं, करायचं, रांगेला पोच द्यायची.
पोच आली की रांग ते काम विसरते.
नाही आली, तर ठरल्या वेळानं
तेच काम दुसऱ्याच्या हातात.

रांगेला काय माहीत
पहिला कामाआधी मेला की कामानंतर.

दोन त्रेचाळीसला सातव्यानं
पंच्याऐंशी रियाल जगत्यालला धाडले,
आणि पोच द्यायच्या आत कोसळला.
दहाव्यानं काम उचललं.
पुन्हा धाडले. अगदी नेकीनं.
मी वहीत लिहिलं:
सातवा पडला. उठवला. नुकसान नाही.

(प्रत्येक कामावर खूण असावी,
करण्याआधी विचारावं, हे झालंय का?
ते लिहायचं माझ्याकडेच होतं. यादीत अकरावं.)

मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा
आई म्हणाली होती, पोचलास की कळव.
सिमकार्ड मिळालं नाही, मग झोपलो.
रात्री अकराला दार वाजलं:
सीबहून तिचा मावसभाऊ.
साडेअकराला पुन्हा:
इडलीवाल्याचा मेव्हणा, हातात चटणीची पूड.
दोघांना एकच काम, एकमेकांचा पत्ता नाही.
माझ्या खाटेवर तिघं बसलो,
काय बोलावं कुणालाच कळेना.

शनिवारी काउंटरवरून बोलावणं आलं.
बिनोयला तेलुगू येत नाही,
माझी सोलापुरी, गिरणगावातली, चालून जाते.
माणूस गवंडी. नखांत सिमेंट.
नाव पोचय्या. मी हसलो नाही.
फोनवर दोन निरोप दाखवले त्यानं.
‘हा माझा. हा कुणाचा?
कुणाच्या तरी घरी पोचले नसणार.
त्याला शोधा.’

म्हटलं, कुणाचे नाहीत, तुमचेच दोनदा गेले.
तो मान हलवत राहिला.
‘दोनदा कसे जातील?
मी एकदाच राबलो.’

वीस रियाल काढले खिशातून, घडी घातलेले.
बाकीचे तीन पगारांत, म्हणाला. पावती द्या.
पैसे परत घेण्याचं काम
आमच्या रांगेत नाही.
कुणी येईल असं धरलंच नव्हतं,
मीही नव्हतं.
ड्रॉवरच्या तळाशी जुनं पावतीपुस्तक सापडलं,
कार्बन वाळलेला. दोन्ही प्रती हातानंच लिहिल्या:
पोचय्या यांजकडून रुपये
खोडून
रियाल वीस फक्त, पोचले.
‘शिक्का?’
बिनोयनं शिक्का शोधला, त्यावर थुंकीचं बोट फिरवून उठवला.
पोचय्यानं पावतीचा फोटो काढून घरी धाडला,
आणि वर दोन निळ्या खुणा उमटेपर्यंत
काउंटर सोडलं नाही.

मागं तीन माणसं खोळंबली होती.
एकानं विचारलं, इतका वेळ काय चाललंय?

वर येऊन ती ओळ खोडली, नुकसान नाही.
तिच्या जागी काय लिहावं सुचेना.
अकरावं काम पहिल्यावर आणलं.
मग घरी फोन लावला. तिकडे सव्वाआठ,
कुकरची शिट्टी.
‘काय रे, अवेळी?’
काही नाही, म्हटलं. पोचलो होतो,
तेव्हा सांगायचं राहिलं.
‘कळलं होतं,’ आई म्हणाली,
‘दोनदा.’