दोन बाण

तासगावच्या शीतगृहात रात्रपाळीला
आधी इलाहीमामा होते, आता मी.
सहा चेंबर, छतापर्यंत बेदाण्याचे बॉक्स,
आणि केबिनमध्ये काळ्या पडद्याचा संगणक,
ज्याला माऊस कधी लागलाच नाही.

मामांनी जाताना शिकवलं :
आकडा पडद्यावर आला की आला नि गेला.
फाइलीत घ्यायचा तर बाण ओढ,
उसाला दारं धरतो ना, तसं, पाणी वळवायचं.
पण एक नव्हे, दोन.
एकबाणी फक्त राम.
आपण दोन ओढायचे,
म्हणजे नवं जुन्याच्या खाली जाऊन बसतं.
कुरकुरीचं पाणी मात्र वेगळ्या पाटानं जातं,
तिची फाइल निराळी.

मोठ्या फाइलीचं नाव नुसतं ‘नोंद’.
सात वर्षं, दर तासाला ओळ : चेंबर, अंश, वेळ.
मध्येच मामांची एखादी, हातानं टाइप केलेली :
तीनच्या दाराचं रबर फाटलं.
लाइट गेली दोन चाळीसला, जनरेटर खोकतोय.
सावळजचा माल आला, हिरवा, लांब.
नात झाली. शिरीन.
चारमधून कुणीतरी मूठभर खाल्ले. मीच.

मार्च होता, दुसऱ्या दिवशी सौदा.
डोळ्यांत झोप, बोटं गार.
मी एकच ओढला.

यंत्र रागावलं नाही, खरंच का, असंही विचारलं नाही.
कर्सर लुकलुकत बसला
उंबऱ्यावरच्या मांजरासारखा.
फाइल उघडली तर आत एवढंच :
चेंबर दोन, चार पूर्णांक एक, पहाटे तीन.
जणू शीतगृह आत्ताच बांधलंय,
जणू शिरीन अजून व्हायचीय.

सकाळी मामांना फोन केला.
पलीकडे बराच वेळ नुसता कुकरचा आवाज.
मग म्हणाले, कुरकुरीची फाइल?
ती होती. तिला धक्काही नव्हता.
सात वर्षांत जे जे बिघडलं
तेवढं तारखांसकट शाबूत.

वाच, म्हणाले.
बारा जुलै, सेन्सर चार, उत्तर नाही.
हां. मिरजेच्या दवाखान्यात होतो मी. लिही, शिरीन.
नऊ मे, डिस्क भरली.
त्या आठवड्यात रबर. लिही.

मी लिहीत गेलो,
प्रत्येक ओळीला बाण दोनदा मोजून.
आकडे काही परत आले नाहीत.
मूठभर बेदाण्यांचं विचारलं
तर म्हणाले, ते राहू दे.