आवाजाची फेक

तांबट आळीत हळू कुणी बोलत नाही.
सकाळी आठला हातोड्या सुरू, आणि त्यांच्या वरून
मीठ मागायचं, भांडायचं, सोयरीक ठरवायची.
शरयूताईचा आवाज तिथला.

राज्य नाट्यच्या प्राथमिक फेरीत, कालिदासमध्ये,
ऐन तिसऱ्या अंकात माइक गेला.
दाराशी उभ्या डोअरकीपरलाही
तिचं कुजबुजणं नीट ऐकू आलं.
परीक्षकांनी लिहिलं : आवाजाची फेक उत्तम.
आई म्हणाली, फेक कसली,
हाक आहे ती, जेवायला बोलावल्यासारखी.

मग पिक्चर मिळाला.
दिग्दर्शक म्हणाले, चेहरा लाखात एक,
आवाज मात्र भांड्यांचा.
डबिंगला दुसरीच कुणी बसवली,
दुधात भिजवलेल्या पोह्यांसारखी.

सर्कल टॉकीजला आम्ही अकरा जण गेलो.
पडद्यावर ताई, आणि तिच्या तोंडून परकी बाई.
आई सारखी पदर नीट करत राहिली.
मामा म्हणाले, शहरात राहून सुधारली हो.
आप्पा तेवढे पुढे झुकून बसलेले.

घंगाळं, हंडे, बंब : चाळीस वर्षं ठोकून
आप्पांचे कान केव्हाच संपले होते.
ते ओठ वाचायचे.
मध्यंतरात, वेफर्सची पुडी फोडताना,
सगळं थिएटर वळून बघेल इतक्या मोठ्याने म्हणाले,
‘पोरीचा घसा बसलाय. तापात काम केलंय तिनं.’

दिवाळीला ताई आली तेव्हा विचारलं.
एकशे दोन ताप होता, म्हणाली,
तुम्हाला कुणी सांगितलं?

पुढचं सगळ्या नाशिकला ठाऊक आहे.
दोन राज्य पुरस्कार, एक दिल्लीचा,
मग मालिका : सून, सासू, आजेसासू,
दोनदा विष, एकदा दरीत, तरी परत.
साडेसातला आप्पा टीव्हीसमोर. आवाज बंद.
‘आज पाठ नाहीये तिचं,
कुणीतरी समोर कागद धरलाय.’
‘आज खरं रडली.’
अशी समीक्षा कुठल्या पेपरात आली नाही.

आप्पा गेले त्या आठवड्यात तिचं शूटिंग होतं.
रामकुंडावर आली, गॉगल काढला नाही,
चौघींनी तिथेच सेल्फी मागितला
आणि तिनं दिला. मी अजून
त्यावर तिच्याशी बोललेलो नाही.

परवा तिचा नवा सिनेमा मोबाइलवर पाहिला.
एका जागी ती खिडकीशी उभी, पाठमोरी,
मग जराशी वळते. संवाद नाही, नुसती सतार.
पण ओठ हलतात.
तीन-चार शब्द असावेत.
मी पाच वेळा मागे नेऊन पाहिलं,
स्क्रीन बोटांनी मोठी करून पाहिली.

माझेही कान आता चाललेत,
डॉक्टर मशीन घ्या म्हणतात.
ओठ वाचायला तेवढं
आप्पांकडून शिकायचं राहिलं.