सतरा नंबरचं कोकरू

ऑक्टोबरची कलती दुपार.
फेरो बेटांपैकी सांदोयवर, दगडी कोंडवाड्यात,
साठ कोकरं तोलून झाली.
तिसांनी उन्हाळाभर
नव्या क्षारांची वीट चाटली होती,
तिसांनी नुसतंच गवत आणि खारं वारं.
त्रोंदूर एकेकाला पोटाशी धरून काट्यावर ठेवत गेला,
सुन्वा आकडे लिहीत गेली.
शेवटी दोघांच्याही अंगाला एकच वास.

रात्री तिने लॅपटॉप उघडला.
आधी शून्याला समोर बसवलं, पाहुण्यासारखं:
समजा, विटेने काहीच केलं नाही.
समजा, दिसतंय तो निव्वळ योगायोग.
असं समजायचं, अगदी मनापासून,
आणि मग त्या योगायोगालाच विचारायचं,
बाबा रे, एवढा फरक, किंवा याहून मोठा,
तू एकट्याने कितीदा पाडला असतास?

कावळा बसला नि फांदी मोडली म्हणावं
तर या माळावर झाडच नाही.
कावळे आहेत. दगडी कुंपणावर बसतात.
कुंपण मोडत नाही.

उत्तर आलं: शून्य पूर्णांक शून्य पाच तीन.
हजारात त्रेपन्न वेळा.
उंबरठा पन्नासाचा.
सार्थक म्हणायला तीन कमी पडायला हवे होते.
सार्थक!
हा शब्द माणसं एरवी जन्माला लावतात.

तोर्सहाव्नहून हेग्नीचा फोन.
"ते सतरा नंबर बघ. वीट चाटूनही सगळ्यांत हडकुळं.
अकरा दिवस कड्याच्या कपारीत अडकलं होतं,
त्यात विटेचा काय दोष? काढून टाक.
मी करून पाहिलंय, एक्केचाळीस येतात."
त्याच्या आवाजात अनुदानाची शेवटची तारीख होती.

सकाळी कॉफी ओतताना तिने त्रोंदूरला सांगितलं.
त्याने कप खाली ठेवला.
तळहातावर दोराचा वळ अजून होता.
"म्हणजे मी कमरेला दोर बांधून उतरलो,
त्याला छातीशी आवळून वर आणलं,
आणि तुम्ही एक बटण दाबून
परत खाली ढकलणार?"

ती हसली नाही.
एप्रिलमधला कागद आठवला, तिघांच्या सह्यांचा:
काही झालं तरी कुणालाही वगळायचं नाही.
तेव्हा सगळी कोकरं सारखीच होती,
तेव्हा शहाणं असणं सोपं होतं.
आणि विटेचा दोष नाही हे तरी कोण सांगणार?
त्या कपारीपर्यंत जायची जास्तीची खुमखुमी
कदाचित त्या क्षारांनीच दिली असेल.
नसेलही.

तिने लिहिलं: त्रेपन्न. सतरासकट.
त्याखाली: पुढच्या वर्षी पुन्हा, जास्त कोकरं घेऊन.

"म्हणजे वीट लागू पडते की नाही?"
"हा आकडा ते सांगत नाही."
"मग काय सांगतो?"
"वीट कुचकामी असती
तर हे वजन बघून किती नवल वाटायला हवं, एवढंच."
"मग वाटलं का?"
"थोडं."

हवामानाच्या बातम्या ऐकून हलवतो तशी
त्याने मान हलवली,
उरलेली अर्धी वीट काखेत मारली
आणि फाटक उघडलं.

सतरा नंबर सगळ्यांत आधी बाहेर पडलं,
कड्याच्याच दिशेने.