मार्फत

भुसावळात, जुन्या जिनिंगच्या मागे
दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी.
पाटीवर संस्थेचं नाव, त्यातला ‘स’ उन्हानं खाल्लेला.
या एका पत्त्यावर त्रेचाळीस माणसं राहतात.
म्हणजे कागदावर राहतात.
चटया सहाच मावतात. दाटीवाटीनं आठ.

फॉर्म मी भरतो.
नाव, वय, आईचं नाव, इथवर पेन चालतं.
मग पत्त्याचा रकाना येतो
आणि समोरचं माणूस
पत्र्याकडे बघायला लागतं.
‘लिही ना बाप्पा काही बी,’ उखर्डू म्हणाला होता,
‘जिन्याखाली, पान्याच्या नळाजोळ.’

उखर्डू. आधीची दोन लेकरं गेली
म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवला
आणि लगेच उचलला,
मरणानं टाकाऊ समजावं म्हणून.
मरण फसलं.
बाकीच्यांनी मात्र नाव खरं धरलं.

वीस वर्षं सावद्याला केळीचे घड वाहिले.
शर्टावरचा चिकाचा काळा डाग
कुठल्याच साबणानं गेला नाही.
मग खांदा निखळला.
मग खोली, मग बायको, मग पिशवीसुद्धा,
कोणत्या क्रमानं ते तो दरवेळी वेगळं सांगतो.

कुणाच्या तरी वाढदिवसाला
पाहुणे येतात इथं, फळं वाटायला.
परवा केळी आणली होती.
उखर्डूनं फणी हातात घेऊन
सोनारासारखी फिरवून पाहिली.
‘चार दिवस घाई केली कापाची,’ म्हणाला,
आणि फोटोसाठी नीट उभा राहिला.

हुरमत तडवी रोज अकराला येते.
‘माह्यं काही आलं?’
यावलकडच्या कुठल्याशा पाड्यावरून निघालेली,
सातपुडा अजून पाठीशी असल्यासारखी ताठ बसते.
निराधार योजनेत अर्ज केलाय तिचा.
निराधार ठरायला आधी आधार लागला,
आधारला पत्ता,
पत्त्याला विजेचं बिल.
बिल आमचं. तीन महिने थकलेलं.
पण चाललं.

मे महिन्यात तपासणी आली.
पारा सेहेचाळीस, साहेबांच्या मानेवर ओला रुमाल.
यादी उघडून म्हणाले,
एका घरात त्रेचाळीस? झोपतात कुठं एवढे?
त्यांचं आडनाव झोपे होतं.
मी हसलो नाही. फार कष्टानं.
सांगितलं, कुणी फलाटावर, कुणी मालधक्क्याशी,
कुणी बाजार समितीच्या ओट्यावर,
पोलीस उठवतात तसे सरकत जातात.
मग इथं काय राहतं?
इथं त्यांची पत्रं राहतात, साहेब.
बिस्किटांचा डबा काढून दाखवला.
एक वही, दोरीनं बांधलेली पाकिटं,
सुपडू महाजनांचं मतदार कार्ड.
सुपडू माघात गेले, थंडीनं.
कार्ड त्यानंतर नऊ दिवसांनी आलं.
ते कुणाच्या हातात द्यायचं
हे वहीत कुठं लिहायचं, मला सुचलेलं नाही.

साहेब डब्याकडे बघत राहिले.
उखर्डू आतून पाणी घेऊन आला.
माठ तोच भरतो, पहाटे, फडकंही तोच भिजवतो.
तांब्या पुढं करून म्हणाला,
‘बसा ना सायेब. आपलंच घर हाये.’
साहेब बसले.
दोन तांबे प्याले.
यादीत काय लिहिलं, ते अजून कळलेलं नाही.

आज पोस्टमन आला तेव्हा पंखा बंद होता.
तीन पाकिटं. हुरमतचं नव्हतं.
एक बँकेचं, एक न्यायालयाचं, जुन्या भांडणाचं,
आणि एक माझं.
घरमालकानं अकरा महिने पुरे होण्याआधीच
खोली सोडायला सांगितली, तेव्हापासून
मीही इथलाच पत्ता देतो.
उखर्डूनं पाकीट उलटंसुलटं केलं.
वाचता येत नाही त्याला, पण माझं नाव
अक्षरांच्या वळणावरून ओळखतो आताशा.
‘घे,’ म्हणाला. ‘तुले बी आलं.’
आणि वहीत चव्वेचाळिसाव्या ओळीवर
बोट ठेवून बसून राहिला,
मी लिहीपर्यंत.