सपाट बूड

दोनदा मी गॅस चालू ठेवून खाली पेपर आणायला गेलो.
दोनदाच.
तिसऱ्यांदा शेजारच्या हंसाबेननं पुण्याला फोन केला,
निशिगंधा रात्रीच्या गाडीनं आली,
सिलिंडर परत करून पावती फ्रिजवर चिकटवून गेली.

मागे ठेवून गेली ही शेगडी:
ओतीव लोखंडाच्या दोन काळ्या चकत्या,
मोठीच्या मधोमध लाल ठिपका, आठ आण्याएवढा.
ज्योत नाही. आवाज नाही.
बटण फिरवलं की काहीच होत नाही,
मग पुष्कळ वेळ काहीच होत नाही,
मग एकदम कळतं की मघापासून होत होतं.

विद्यापीठाच्या रसायनशाळेत बत्तीस वर्षं
मी दुसऱ्यांचे चंबू तापवले.
ठाऊक आहे मला: उष्णता उडी मारत नाही,
तिला टेकायला जागा लागते.
तरी पहिल्या दिवशी चढवली तीच गोल बुडाची कढई,
वालाच्या बिरड्याची.
डुलत राहिली, टेकली नाण्याएवढी.
मोहरी पंचवीस मिनिटं तेलात बसून होती
वेटिंग रूममधल्या माणसांसारखी, सामान पायाशी घेऊन.
मधे एकच तडतडली
आणि इकडेतिकडे बघून गप्प झाली.

मग खिशात फूटपट्टी घालून मांडवीला गेलो.
जयंतीभाई कंसाऱ्याच्या दुकानात
एकेक पातेलं उपडं केलं,
पट्टी बुडावर आडवी धरली,
फटीतून उजेड येतो का पाहिलं.
उजेड आला की पातेलं बाद.
"टिपणीसकाका, वासण घ्यायचंय का प्लॉट?"
पोऱ्या हसला. हसू दे.
पातळ ॲल्युमिनियम पहिल्याच तापात पोट फुगवतं
आणि जन्मभर चकतीवर गरगर फिरतं.
एक मिळालं, तांब्याच्या बुडाचं, जड,
सात इंच, चकतीच्या काठोकाठ,
बाहेर लोंबणारं नाही, आत हरवणारं नाही.
"आ तो लॅबवाळा छे," जयंतीभाई पोऱ्याला म्हणाला,
आणि दहा रुपये कमी केले.

घरी येऊन चकतीवर तेलाचं बोट फिरवलं,
कोरडीच तापवली. धूर झाला.
हंसाबेन दारात.
काही नाही, म्हटलं, गंज चढू नये म्हणून.
तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या,
हातातल्या फोनकडे पाहिलं.
नका, म्हटलं.
नाही केला तिनं.

आता जमायला लागलंय.
भातातलं पाणी आटत आलं की बटण बंद;
उरलेला भात चकती आठवणीनं शिजवते.
दूध वर येताना हिला ओरडून उपयोग नाही,
पातेलंच उचलून गार चकतीवर सरकवायचं.
तापल्यावर ओलं फडकं लावायचं नाही.
आणि हात:
गरम असो, गार असो, काळी ती काळीच दिसते.
माझ्या तळव्यावर अजून अर्धवर्तुळ आहे
त्या रविवारचं,
किंवा शनिवारचं.

निशी फोनवर विचारते, बंद केलीत ना?
केली, म्हणतो, आणि जाऊन बघतो.
बटण शून्यावर असतं. बहुतेक वेळा.
तापायला वेळ लावणारी ही बया
विसरायला त्याहून जास्त वेळ लावते.
आमचं पटतं ते काही एवढ्यावरच नाही,
पण एवढ्यावर बरंच.

रात्री दुधाचं पातेलं
मी बंद चकतीवर ठेवतो
आणि आतल्या खोलीत जातो, कशासाठी तरी.
कशासाठी ते उंबऱ्यावर आठवत नाही.
दिवा लावतो, कपाट उघडतो, लावतो,
खिडकीपाशी थोडा उभा राहतो.
परत येतो तेव्हा
कडेकडेनं साय धरलेली असते.